शारदा सदनाचं उघडं दार

 

मागे आम्ही गावाकडच्या एका बैठकीला गेलो होतो. हिशोबाच्या वह्या मिटल्या, चहा आला, आणि एका मावशीनं विचारलं, "बोलता आमच्यासारखं, साडी आमच्यासारखी, मग तुम्ही ख्रिश्चन कशा गं?" सगळ्या हसल्या, आम्हीही हसलो. मग शेजारची दुसरी हळूच म्हणाली, "आणि माहेर आत घेतं का तुम्हाला?" तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लवकर देता येतं. दुसऱ्याला वेळ लागतो, म्हणून आजचं बोलणं त्यावर.

आम्ही परळ, लालबाग, दादर, गिरगाव या भागातल्या बायका. मुंबईत मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक आजचे नाहीत. दादरला गोखले रोडवर एक चर्च आहे, सगळे त्याला पोर्तुगीज चर्च म्हणतात, बसचा कंडक्टरही तेच ओरडतो. त्या जागी पहिलं चर्च उभं राहिलं १५९६ साली. शिवाजी महाराजांचा जन्मसुद्धा तेव्हा झाला नव्हता. गिरगावात खोताची वाडी आहे. लाकडी जिने, कौलारू घरं, अरुंद बोळ. तिथले जुने ख्रिस्ती रहिवासी स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात. नाव इंग्रजी, ते त्यांनी १८८७ साली घेतलं, पण घरात भांडण झालं की मराठीतच होतं. ही झाली कॅथलिक मंडळी. दुसरीकडे गिरगावातलंच आंब्रोली चर्च, भायखळ्याकडची अमेरिकन मराठी मिशनची चर्चं, तिथं रविवारी पेटी-तबल्यावर मराठी भजनं होतात. त्यातली कितीतरी नारायण वामन टिळकांची. तेव्हा मावशी, आम्ही ख्रिश्चन कशा, तर अशा. परदेशातून आलेल्या नाही, इथल्याच.

आता दुसरा प्रश्न. माहेर आत घेतं का? देवाबद्दलचा आपला विश्वास बदलला म्हणून आपली माणसं आपली राहतात का? आणि ज्यांच्यात गेलो ते तरी आपल्याला आपलं म्हणतात का? या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेली एक बाई होती, आणि तिचं घर याच गिरगावात, चौपाटीजवळ होतं. पंडिता रमाबाई. नाव तुमच्यातल्या पुष्कळ जणींनी ऐकलं असेल. शाळेच्या पुस्तकात त्या दोन ओळींत येतात आणि जातात. आज जरा निवांत बसून त्यांच्याकडे बघू.

रमाबाई जन्मल्या १८५८ साली, सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ नावाच्या ठिकाणी. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांनी त्यांना नावं ठेवली. त्या आईनं पुढे लेकीला शिकवलं. घरदार सुटलं, सगळं कुटुंब तीर्थामागून तीर्थ पायी हिंडत पुराण सांगायचं आणि लोक देतील त्यावर जगायचं. मग दुष्काळ पडला. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. देशभर पायपीट करत दोघं १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची विद्या बघितली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पोटात अन्न नव्हतं, पण अठरा हजार श्लोक असलेलं भागवत तोंडपाठ होतं.

पुढे भाऊही गेला. रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. ते ब्राह्मण नव्हते. म्हणजे जात पहिल्यांदा सुटली ती धर्म बदलून नाही, लग्नानं. दोन वर्षांत नवरा कॉलऱ्यानं गेला. कडेवर मनोरमा नावाची लेक, वय तेवीस, आणि आता त्या विधवा. मैत्रिणींनो, त्या काळात ब्राह्मण घरातल्या विधवेचं काय व्हायचं ते तुमच्या आज्यांनी ऐकलेलं असेल. केस काढायचे, एक वेळ जेवायचं, शुभकार्यात पुढे यायचं नाही, आणि घरातलं सगळं काम मात्र तिनंच उपसायचं. आठ-दहा वर्षांच्या मुलींच्या नशिबीही हेच. नवरा तोंडानंही आठवत नसायचा.

रमाबाई १८८२ साली पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, सरकारच्या शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. आपल्या बायका परक्या पुरुषाला दुखणं सांगत नाहीत, तशाच मरतात, म्हणून बायकांना डॉक्टरकी शिकवा, असं तिथं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या वर्षी त्या विलायतेला गेल्या, आणि तिथं वाँटेज नावाच्या गावी सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा म्हणजे पाण्यानं होणारा तो विधी, ज्यानं माणूस ख्रिस्ती मंडळीत येतो.

का घेतला? लोक म्हणाले, पैशासाठी. लोक म्हणाले, गोऱ्यांनी भुलवलं. त्यांनी स्वतः पुढे जे लिहून ठेवलं त्यात एक विहीर आहे. लंडनजवळ काही ख्रिस्ती जोगिणी, आपण त्यांना सिस्टर म्हणतो, वाट चुकलेल्या, समाजानं टाकलेल्या बायकांना सांभाळत होत्या. रमाबाईंनी ते बघितलं. अशा बायकांना आपल्याकडे कुणी दारात उभं करत नाही, आणि इथं त्यांना प्रेमानं वागवतात, हे का? तेव्हा एका सिस्टरनं त्यांना बायबलमधली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

ती गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. भर दुपारी एक बाई एकटीच विहिरीवर येते. बायका पाण्याला सकाळी जातात, घोळक्यानं जातात, हे तुम्हाला सांगायला नको. ही दुपारी एकटी का येते ते तुमच्या लगेच लक्षात येईल. तिचे नवरे झालेत पाच, आणि आता ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नाही. विहिरीच्या काठावर येशू बसलेला, थकलेला, तहानलेला. तो यहुदी, ती शोमरोनी. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्यातलं पाणी पीत नसत. आणि तो तिला म्हणतो, मला प्यायला पाणी दे. ती चपापते. तुम्ही माझ्या हातचं पाणी मागता? मग तो तिच्याशी देवाबद्दल बोलतो, देव या डोंगरावर की त्या देवळात अशा मोठ्या गोष्टींबद्दल, ज्या तेव्हाचे गुरुजी बाईमाणसाशी बोलतच नसत.

आमच्याकडे ही गोष्ट चर्चमध्ये कितीदा वाचली जाते. पण खरं सांगतो, पाणवठ्याचं राजकारण ज्या गावात बघितलंय, तिथल्या बाईला ती जशी कळते तशी शहरातल्या माणसाला कळत नाही. चवदार तळ्याचं पाणी ज्यांना नाकारलं त्यांच्या लेकींना ती समजावून सांगावी लागत नाही. रमाबाईंना ती लागली. त्या स्वतः अशाच होत्या, परजातीत लग्न केलेल्या, विधवा, एकट्या.

इथपर्यंतची कथा चर्चमधले लोक आनंदानं सांगतात. पुढचं जरा कमी सांगतात. म्हणून आम्ही ते सांगणार.

ख्रिस्ती झाल्या म्हणजे विलायतेतल्या लोकांनी त्यांना आपलं म्हटलं का? अर्धंमुर्धं. रमाबाई मांस खात नव्हत्या, अंडं घातलेला गोड पदार्थही खात नव्हत्या. सिस्टरांना वाटलं, ही अजून ब्राह्मणपणा सोडत नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंनी विचारलं, लॅटिन का, आमचं संस्कृत देवाला कळत नाही का? येशू ख्रिस्त देव कसा, पवित्र त्रैक्य म्हणजे काय, असे प्रश्न त्या विचारत राहिल्या. त्यांना गर्विष्ठ म्हटलं गेलं. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असं ठरत होतं, तर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईनं पुरुषांना शिकवायचं? रमाबाईंनी पत्रातून कळवलं ते आमच्या शब्दांत सांगायचं तर असं, की मोठ्या कष्टानं भटजींचं जू मानेवरून काढलंय, आता पाद्र्यांचं जू चढवून घ्यायला मी आले नाही.

बघा म्हणजे. इकडे पुण्यात म्हणत होते, ही बाटली, ही आपली नाही. तिकडे विलायतेत म्हणत होते, ही पुरती आपली झालेली नाही. दोघांनाही तिच्याकडून एकच हवं होतं, की आमच्यासारखी हो, मग आत घेतो.

रमाबाई तिथून १८८६ साली अमेरिकेला गेल्या, आपल्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तो सोहळा बघायला. तिथं त्यांनी इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं केली. बोस्टनच्या लोकांनी संस्था काढून दहा वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं. अट अशी, की विधवांसाठीच्या शाळेत कुठल्याही धर्माची सक्ती नसेल.

अशा रीतीनं ११ मार्च १८८९ रोजी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. सुरुवातीला मुली किती? दोन.

दोन! आपण गट काढतो तेव्हा दहा बायका जमल्या नाहीत तर हिरमुसतो. इथं अमेरिकेतून पैसा आणलेला, सगळ्या देशात नाव, आणि दारात दोघी. पण त्या सुरुवातीच्या मुलींत जी पहिली विधवा होती तिची हकीकत ऐका. गोदूबाई. कोकणातल्या. लग्न आठव्या वर्षी झालं आणि तीनेक महिन्यांत नवरा वारला. पुढची वर्षं सासरी राबण्यात गेली. त्यांचे भाऊ नरहरपंत जोशी मुंबईत शिकत होते, त्यांनी बहिणीला आणून शारदा सदनात घातलं. तेव्हा गोदूबाई विशीच्या पुढे होत्या. त्या वयात पाटी हातात घ्यायची! तुमच्यातल्या ज्या मावशींनी साक्षरता वर्गात पन्नाशीला सही शिकली, त्यांना त्या बोटांचा कंप माहीत आहे.

सदनात रमाबाईंनी एक व्यवस्था ठेवली होती. हिंदू मुलींनी आपापला आचार पाळावा, सोवळं-ओवळं ज्यांना पाळायचं त्यांनी पाळावं, त्याला आडकाठी नाही. रमाबाई स्वतः साधं पांढरं लुगडं नेसत, शाकाहारी जेवत. सकाळी त्या लेकीला घेऊन आपल्या खोलीत प्रार्थना करत, आणि त्या खोलीचं दार उघडं असे. या म्हणून कुणाला बोलवायचं नाही. आली तर जा म्हणायचं नाही.

ते उघडं दार पुढे मोठ्या भांडणाचं कारण झालं.

सदन १८९० च्या अखेरीस मुंबईहून पुण्याला गेलं. तिथं काही मुली त्या प्रार्थनेला जाऊन बसू लागल्या. बातमी बाहेर फुटली. 'केसरी'तून टीका सुरू झाली, की विधवांच्या शाळेच्या नावाखाली धर्म बदलायचं काम चाललंय. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक सदनाच्या सल्लागार मंडळात होते. ते म्हणाले, दार लावून घ्या. रमाबाई म्हणाल्या, मी माझ्या घरात माझ्या देवाची प्रार्थना करते, दार लावणार नाही, आणि जी येते तिला हाकलणारही नाही. तुमच्या घरी तुम्ही पूजा करताना पोरं येऊन बसतात, त्यांना बाहेर काढता का? १८९३ साली सल्लागारांनी अंग काढून घेतलं. सुमारे २५ मुलींना त्यांच्या घरच्यांनी सदनातून परत नेलं.

यावर आमच्यातच दोन मतं आहेत. एक म्हणते, रमाबाईंचं बरोबर, श्रद्धा काय लपवून ठेवायची चीज आहे? दुसरी म्हणते, पण मुली तरुण होत्या, आसऱ्याला आलेल्या होत्या, जिच्या हातचं जेवतो तिचा देव आपल्याला मोठा वाटणारच, तेव्हा आईबापांची भीती अगदीच खोटी नव्हती. आणि पुढे सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, हेही खरं. आम्हाला वाटतं, दोघींचं ऐकून घ्यावं. पण एक गोष्ट त्या भांडणात सगळे विसरले. त्या २५ मुलींना कुणी विचारलं का, बाई गं, तुला जायचंय की राहायचंय? त्यांना जिथं परत नेलं तिथं पुन्हा तेच माजघर, तेच एकवेळचं जेवण. त्यांच्या धर्माची काळजी सगळ्यांना होती.

आणि गोदूबाई? सदनात शिकल्या, पण ख्रिस्ती झाल्या नाहीत. ११ मार्च १८९३ ला, सदन उघडलं त्याच तारखेला बरोबर चार वर्षांनी, त्यांनी पुण्यात धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. हेच ते महर्षी कर्वे. गोदूबाईंच्या झाल्या आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया कर्वे. म्हातारपणी त्यांनी 'माझे पुराण' नावानं आपली गोष्ट लिहिली. लग्नानंतर जोडपं कोकणात मुरुडला गेलं तेव्हा गावानं त्यांच्यावर बहिष्कार टाकला. म्हणजे बघा, रमाबाई ख्रिस्ती झाल्या म्हणून त्यांना वाळीत टाकलं, आणि बाया हिंदूच राहिल्या तरी त्यांनाही वाळीत टाकलं. मग वाळीत टाकायला धर्म कारण होता, की आपल्या पायावर उभी राहिलेली विधवा? कर्व्यांनी पुढे १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, त्यातून हिंगण्याची संस्था झाली आणि १९१६ साली महिला विद्यापीठ झालं. त्याच्या मुळाशी गिरगावच्या त्या घरात शिकलेली एक बाई होती.

आता वाईट दिवसांकडे येऊ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवी भागात सुरू झाला आणि गिरण्यांच्या वस्तीत पसरला. परळ-लालबागचे कामगार बोचकी बांधून गावाकडे निघाले. कोविडच्या वेळी आपण जे बघितलं, तेच. सरकारी माणसं घरात शिरून आजारी माणसांना उचलून न्यायची. त्या दिवसांत ख्रिस्ती वस्त्यांत लोकांनी गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस उभे केले आणि तिथंच रस्त्यात जमून प्रार्थना केली, की आमची वस्ती वाचव. असे प्लेगचे क्रूस दादर, गिरगाव, माझगाव भागात अजून आहेत. खोताच्या वाडीत तर लहानसं प्रार्थनाघर आहे, ते १८९९ साली प्लेगमधून वाचल्याबद्दल बांधलेलं. संध्याकाळी जाऊन बघा, क्रुसाला झेंडूचा हार घातलेला असतो. तो कुणी घातला, कुठल्या धर्माच्या माणसानं, ते विचारायची पद्धत नाही.

त्याच प्लेगमध्ये रमाबाईंनी एक धाडस केलं. पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांना कसं वागवतात, तिथं त्यांची अब्रू कशी सुरक्षित नाही, हे त्यांनी १८९७ साली 'बॉम्बे गार्डियन' या मुंबईच्या ख्रिस्ती वर्तमानपत्रात उघड पत्र लिहून सांगितलं. सरकार इंग्रजांचं, म्हणजे ख्रिस्ती लोकांचं. वर्तमानपत्र ख्रिस्ती, वाचणारे ख्रिस्ती. गव्हर्नरनं त्यांचं म्हणणं उडवून लावलं, पण गोपाळ कृष्ण गोखल्यांनी विलायतेत त्या पत्राचा दाखला दिला. ज्यांना चार वर्षांपूर्वी गोऱ्यांच्या हस्तक म्हटलं होतं, त्या गोऱ्यांच्या तोंडावर बोलल्या. आमच्या चर्चमधल्या बायकांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. अन्याय करणारा आपल्याच प्रार्थनेला बसणारा निघाला की जीभ जड होते. तो कुठल्याही धर्मात जड होते म्हणा.

त्याच वेळी मध्य प्रांतात दुष्काळ. ज्यांचे आईबाप उपासमारीनं गेले अशा मुलींना बायका विकायला नेणारे दलाल हिंडत होते. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. लहानपणी आपण अशाच उपाशी हिंडलो होतो, ते त्या विसरल्या नव्हत्या. सुमारे ३०० मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग, शहरात एवढ्या मुली ठेवायला मनाई. मग दौंडच्या वाटेवर केडगावला त्यांनी शेतजमीन घेऊन ठेवली होती, तिथं झोपड्या, तंबू टाकून मुलींना ठेवलं. तेच मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळानंतर तिथं जवळजवळ दोन हजार बायका-मुली होत्या. त्या शेती करत, माग चालवत, तेल काढत, छापखाना चालवत. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई बोटांनी वाचायला शिकवत. या मुली ब्राह्मण विधवा नव्हत्या. सगळ्या जातींच्या होत्या. इथं सोवळ्याची चूल नव्हती, एकच पंगत होती. रमाबाईंनी म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं. शेतावरच्या बाईला कळावं, एवढाच हट्ट. खिळे जुळवले, कागद छापले ते मुक्तीच्या मुलींनी. १९२२ साली रमाबाई गेल्या.

पाण्यावरून आणखी एक बाई आठवते, तिच्याबद्दल थोडं. लक्ष्मीबाई टिळक. ज्यांची भजनं आम्ही गातो त्या नारायण वामन टिळकांच्या त्या पत्नी. त्यांचं 'स्मृतिचित्रे' पुस्तक तुमच्या वाचनालयात असेल तर नक्की काढा, हसून हसून पोट दुखेल आणि मध्येच डोळे भरतील. वडील इतके सोवळे की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घेत नसत, अगदी मीठसुद्धा. धुतलेल्या मिठाचं काय होतं ते तुम्हीच सांगा. नवऱ्यानं १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना न सांगताच घेतला. पाच वर्षांच्या आसपास त्या वेगळ्या राहिल्या, रडल्या, चिडल्या. मग नवऱ्याकडे गेल्या, पण स्वतःची घागर वेगळी, चूल वेगळी. नवरा ख्रिस्ती म्हणून आपणही व्हायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. शेवटी एक दिवस स्वतःशीच विचार करून ठरवलं, की देवानं माणसं केली, जाती आपण केल्या. त्यानंतर कुणाच्याही हातचं पाणी प्यायल्या. बाप्तिस्मा त्याच्याही नंतर, १९०० साली. हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. आधी घागर एक झाली, मग चर्च.

कारण चर्चमध्ये गेलं की घागर आपोआप एक होते असं नाही. लग्न जुळवताना आमच्यातही विचारतात, "मूळचे कोण?" ख्रिस्ती होऊन चार पिढ्या झालेल्या घरातही विचारतात. परळच्या चाळीत बावीस वर्षं राहिलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी ही गोष्ट ख्रिस्ती लोकांना स्पष्ट सुनावली होती, की धर्म बदलला तरी तुम्ही जात बरोबर घेऊन आलात. कडू आहे, पण खरं आहे.

आणि ज्यांना चर्च पुरतं आपलं म्हणत नाही, त्यांना सरकारचा कागदही वेगळाच सांगतो. हे नीट ऐका, कारण याचा तुमच्या गावातल्या कुणाशी तरी संबंध असेल. १९५० सालच्या अनुसूचित जातींच्या आदेशात असं आहे, की हिंदू धर्माखेरीज दुसऱ्या धर्मातली व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आले नाहीत. म्हणजे एकाच वस्तीत, एकाच भिंतीला पाठ लावून राहणारी दोन घरं. शिवी दोघांना एकच पडते, पाणवठ्यावर वागणूक एकच मिळते. पण ज्या घरावर ख्रिस्ती असा शेरा आहे, त्या घरातल्या मुलीला अनुसूचित जातीचा दाखला नाही, आणि जातीवरून मारहाण झाली तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा तिच्या बाजूनं उभा राहत नाही. महाराष्ट्रात अशा लोकांना इतर मागासवर्गात धरतात, तेवढा दाखला मिळतो. आदिवासींचं वेगळं आहे. अनुसूचित जमातीच्या यादीला धर्माची अट नाही, म्हणून वारली किंवा भिल्ल बाई चर्चला जाते एवढ्यावरून तिचा जमातीचा दाखला कुणी अडवू शकत नाही. हे पक्कं लक्षात ठेवा, कारण अडवणारे भेटतात.

न्यायालयात हा प्रश्न वर्षानुवर्षं चालू आहे. २०२२ साली केंद्र सरकारनं माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली यावर आयोग नेमला. आमच्यातल्या एकीच्या घरी तोवर दोन पिढ्या शिकून बाहेर पडल्या. तिच्या आजीनं नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर मुद्दाम जुनी जात लिहू दिली आणि रविवारी चर्चला जाताना मुलाला सांगितलं, शाळेत बोलू नकोस. एवढी साधी, चर्चमध्ये सगळ्यात पुढे बसणारी बाई. तिला लबाड म्हणायचं का? आम्हाला नाही म्हणवत. तिचं दार अर्धं उघडं, अर्धं लावलेलं, आणि ते तसं ठेवायला तिला कुणी भाग पाडलं ते आपण बघितलंच.

आता तुमच्याकडे काय करता येईल ते सांगतो. गटात एखादी ख्रिस्ती बाई असेल, विशेषतः गावकुसाबाहेरच्या वस्तीतली, तर दाखल्याच्या कामाला तिच्याबरोबर तहसीलला दोघी-तिघी जा. एकटीला परत पाठवणं सोपं असतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि घरातल्या जुन्या कागदांवर धर्म आणि जात काय लिहिलंय ते आधी वाचून घ्या, न कळलं तर शिकलेल्या पोरीला वाचायला सांगा. आणि हळदीकुंकवाला तिला बोलवायचं का, असं त्या दिवशी तुमच्यातल्या एकीनं विचारलं होतं. बोलवा. कुंकू लावायचं की नाही ते तिचं ती ठरवेल. आमच्यातल्या काही जणी लावून घेतात, काही नुसती फुलं आणि वाण घेतात. तिळगूळ सगळ्याच घेतात.

त्या मावशींना निरोप द्या, की माहेर आत घेतं का याचं आमच्या प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे. एकीला भाऊबीजेला भाऊ न्यायला येतो. एकीचे वडील वारले तेव्हा तिला फोनसुद्धा आला नाही, तीन दिवसांनी कळलं. ती यंदा पुन्हा जाऊन बघणार आहे.